४० हजारांत पहिला डीएसएलआर: बॉडीत किती घालायचे, लेन्समध्ये किती

सर, तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा मांडतो. जुन्नर तालुक्यात तुम्ही शाळेत शिकवता. बजेट ४० हजार आणि त्याच्या वर जायची तयारी नाही. शाळेचं स्नेहसंमेलन, घरी चार वर्षांची मुलगी, सुट्टीत किल्ले, गावच्या यात्रेतले बैलगाडे आणि जमलं तर पक्षी, असे तुमचे विषय. दुकानदार सांगतोय की नवीन कॅनन १५००डी दोन लेन्सच्या किटसह घ्या. मित्र सांगतोय की जुना निकॉन डी५३०० घे. आणि भाचा म्हणतोय की मामा, डीएसएलआर आता बंद पडले, पैसे घालवू नकोस.

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मनात घोळ राहणार नाही. चांगल्या अवस्थेतला सेकंडहँड कॅनन २००डी बघा, त्याच्या १८-५५ आयएस एसटीएम किट लेन्ससह (किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी, आयएस म्हणजे हाताचं हलणं सावरणारी सोय, एसटीएम हा फोकसच्या मोटरचा प्रकार; एमएमचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). या दोन्हींना मिळून २७ हजारांच्या वर जाऊ नका. सोबत ५० एमएम एफ/१.८ एसटीएम लेन्स नवीन घ्या (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं), ती दहा हजारांच्या आतबाहेर मिळावी. उरलेल्या तीनेक हजारांत कार्ड, एक जादा बॅटरी आणि कॅमेरा कोरडा ठेवायला हवाबंद डबा. पक्ष्यांचा विषय यंदा बाजूला ठेवा. हे असंच का, ते आता सविस्तर सांगतो, कारण बाजारात गेल्यावर समोर वेगळंच काही येईल आणि तेव्हा तुम्हाला तुमचा तुम्ही निर्णय घ्यावा लागेल.

पहिला कॅमेरा घेणाऱ्या बहुतेकांचा सगळा जीव बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, अडकलेला असतो. मेगापिक्सेल किती, मॉडेल कोणतं, नवीन की जुना. आणि लेन्स म्हणजे खोक्यात जी येईल ती. वर्षभराने हीच माणसं विचारतात की हॉलमध्ये फोटो हलतात, काळे येतात, फोनवर बरे येतात, कॅमेऱ्यात बिघाड आहे का? कॅमेरा ठणठणीत असतो. घोडं लेन्सपाशी अडलेलं असतं.

तुमच्याच स्नेहसंमेलनाचं उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातला हॉल किंवा शाळेच्या मैदानावरचा मांडव, स्टेजवर चार-सहा एलईडी दिवे, मुलं कोळीगीतावर नाचतायत. तुम्ही स्टेजपासून साधारण आठ मीटरवर उभे. किट लेन्स ५५ एमएमपर्यंत झूम केली की तिचं छिद्र एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. अशा उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १६०० ठेवला तर शटर १/२० सेकंदाच्या आसपास येतं. १/२० ला नाचणाऱ्या मुलाचे हात, पाय, ओढणी सगळं फराटा होऊन येणार. लेन्समधलं आयएस इथे कामाला येत नाही, कारण ते तुमच्या हाताचं हलणं सावरतं, मुलाचं नाही. आता त्याच जागेवरून ५० एमएम लेन्स एफ/१.८ ला उघडा. छिद्रातून येणारा उजेड जवळजवळ दहापट होतो. तोच आयएसओ, तेच दिवे, आणि शटर १/२०० ला पोचतं. मुलगा उडी मारून वर असतानाचा क्षण स्वच्छ मिळतो. बॉडी बदलून हा फरक मिळवायचा म्हटलं तर आयएसओ १६००० वर न्यावा लागेल, आणि या वर्गातल्या बॉडींवर त्या आयएसओला फोटोत दाणे सोडून फारसं काही उरत नाही.

लोक विचारतात, झूम नसलेल्या लेन्समध्ये मावणार किती? याचं गणित सोपं आहे आणि ते घरी बसून करता येतं. कॅननच्या या बॉडींचा सेन्सर, म्हणजे ज्यावर फोटो उमटतो तो भाग, २२.३ एमएम रुंद असतो. त्याला लेन्सच्या एमएमने भागा आणि अंतराने गुणा. आठ मीटरवरून ५० एमएमला साधारण साडेतीन मीटर रुंदीचा भाग फ्रेममध्ये येतो, म्हणजे चार-पाच मुलं डोक्यापासून पायापर्यंत. पूर्ण स्टेज हवं असेल तर किट लेन्स १८ एमएमला लावा, दहा मीटर रुंदी मावते. आणि १८ ला ती लेन्स ५५ पेक्षा जास्त उघडते, शिवाय लांबून घेतलेल्या रुंद फोटोत हालचाल तितकी जाणवत नाही. दोन्ही लेन्सची कामं अशी आपोआप वाटली जातात.

एफ/१.८ ला फोकसची खोली कमी होते हेही लक्षात ठेवा. आठ मीटरवरून जवळपास पावणेदोन मीटर खोली स्वच्छ मिळते, म्हणजे नाचाची एक रांग आरामात बसते. पण घरी मुलीचा फोटो दोन मीटरवरून काढलात तर हीच खोली दहा-अकरा सेंटिमीटर उरते. डोळ्यांवर फोकस आणि कान धूसर. चेहऱ्याच्या फोटोला ते छान दिसतं. मुलगी आणि आजी शेजारी बसल्या असतील तर एफ/४ वर या, नाहीतर एक जण नेहमी धूसर राहील.

आता दुकानदाराच्या किटबद्दल. १५००डी हा २०१८ चा कॅमेरा, सेन्सर २४ मेगापिक्सेलचा, चांगला. त्यातून येणाऱ्या फोटोंबद्दल माझी तक्रार नाही. माझी हरकत तीन गोष्टींना आहे. पडदा पक्का बसवलेला आहे, वळत नाही, त्याला टच नाही. पडद्यावर बघून फोटो काढायला गेलात तर फोकस फार सावकाश बसतो, आणि चार वर्षांचं मूल तितका वेळ एका जागी थांबत नाही. बाहेरचा माइक लावायला जागा नाही, तुम्हाला उद्या शाळेसाठी एखादा प्रयोग किंवा कविता चित्रित करायची झाली तर आवाज कॅमेऱ्याच्या पोटातल्या माइकवरच. आणि फ्लॅश बसवतो त्या हॉट शूमध्ये मधली पिन दिलेली नाही. साधा स्वस्त मॅन्युअल फ्लॅश किंवा दुरून फ्लॅश पेटवणारा जुना ट्रिगर त्या पिनवरूनच पेटतो, तो इथे पेटणार नाही. कॅननसाठी म्हणून बनवलेला फ्लॅश लागतो. २००डी च्या पुढच्या आवृत्तीतही, म्हणजे २००डी मार्क २ मध्येही, ही पिन काढून टाकलेली आहे. पहिल्या २००डी मध्ये ती आहे. सुरुवातीला हे कोणी सांगत नाही. पुढे फ्लॅश घेऊन घरी आल्यावर कळतं.

दोन लेन्सच्या किटमधली दुसरी लेन्स नीट बघा. कॅननकडून बहुतेक वेळा ७५-३०० एमएमची मार्क ३ येते. तिच्यात आयएस नाही. ३०० एमएमला हातात धरून फोटो स्थिर यायला शटर १/५०० च्या आसपास लागतं, आणि तेवढं भर उन्हातच मिळतं. शिवाय ३०० ला ती मऊ आहे, पिसांचा तपशील येत नाही. कॅननचीच ५५-२५० आयएस एसटीएम दिसायला लहान, पण पल्ला थोडा कमी हे सोडलं तर बाकी बाबतीत उजवी. निकॉनच्या किटमध्येही असंच असतं. एएफ-पी ७०-३०० दोन प्रकारांत येते, एक व्हीआरसह (निकॉन आयएसला व्हीआर म्हणते) आणि एक व्हीआरशिवाय, आणि किटमध्ये स्वस्तातली व्हीआरशिवायची पदरात पडते. खोक्यावर 'व्हीआर' ही दोन अक्षरं आहेत का ते वाचूनच पैसे द्या. 'दोन लेन्स, बॅग, ट्रायपॉड, कार्ड सगळं फुकट' असं जिथे लिहिलेलं असतं, तिथे त्या फुकटच्या वस्तूंची किंमत त्या दुसऱ्या लेन्समधून वसूल झालेली असते.

तुमच्या मित्राचा सल्ला मात्र वजनदार आहे. डी५३०० हा २०१३ चा असला तरी फोटोच्या दर्जात आजही मागे नाही. व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, बघून फोकस करायला त्यात ३९ पॉइंट आहेत. २००डी मध्ये नऊच आणि त्यातला मधला तेवढा क्रॉस प्रकारचा, म्हणजे जास्त भरवशाचा. धावणारे बैलगाडे हा तुमचा मुख्य विषय असता तर मी डी५३०० किंवा त्याचा धाकटा भाऊ डी५६०० सुचवला असता. पण निकॉनच्या या वर्गात एक अडचण आहे. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींच्या आत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. जुनी ५० एमएम एफ/१.८डी ही स्वस्त आणि उत्तम लेन्स, पण या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालत नाही, हाताने फिरवून फोकस करावा लागतो. लेन्सच्या नावात 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' असेल तरच घ्या. त्यातही एएफ-पी लेन्स डी३१००, डी३२००, डी५१०० अशा जुन्या बॉडींवर फोकस करत नाहीत. म्हणजे निकॉनमध्ये बॉडी आणि लेन्स यांची जोडी नीट बघून जमवावी लागते. कॅननची कोणतीही ईएफ किंवा ईएफ-एस लेन्स २००डी वर बसते आणि फोकस करते, कारण १९८७ साली ईएफ माउंट (लेन्स बसवायची जोडणी) आणला तेव्हापासून मोटर लेन्समध्येच आहे.

निकॉनच घ्यायचं ठरलं तर सोबत ३५ एमएम एफ/१.८जी डीएक्स घ्या. घरातल्या फोटोंना ती ५० पेक्षा सोयीची. आपल्याकडे हॉल दहा बाय बाराचा असतो, दोन मीटर मागे सरकलं की पाठ भिंतीला लागते. तिथे ५० एमएमला जेमतेम ९० सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो आणि ३५ ला १.३ मीटर. मांडीवर बाळ घेतलेली आई दुसरीत व्यवस्थित बसते. स्टेजसाठी ३५ थोडी रुंद पडते, पण २४ मेगापिक्सेलमधून कडा कापल्या तरी बिघडत नाही. शाळेच्या फलकावर लावायला ए३ आकाराची उत्तम प्रिंट काढायची तर साडेसतरा मेगापिक्सेल पुरतात. म्हणून २४ आणि ३२ मेगापिक्सेलच्या वादात तुम्ही पडूच नका.

तरीही तुमच्यासाठी माझा कौल २००डी ला, आणि त्याचं कारण मुलगी आणि शाळा. त्याच्या सेन्सरवरच फोकसची यंत्रणा आहे, कॅनन तिला ड्युअल पिक्सेल म्हणते. पडदा उघडा, वळवा, कॅमेरा जमिनीजवळ धरा, मुलीच्या चेहऱ्यावर बोट ठेवा, फोकस लगेच बसतो आणि ती सरकली तर मागोमाग सरकतो. लहान मुलांचे फोटो त्यांच्या उंचीवरून काढले की वेगळेच येतात, आणि दर वेळी जमिनीवर आडवं होऊन व्ह्यूफाइंडरला डोळा लावणं कोणाला जमत नाही. बॉडी साडेचारशे ग्रॅमची. जीवधनच्या पायऱ्या चढताना हे वजन तुमच्या लक्षात राहील.

किल्ल्यांसाठी वेगळं काही घेऊ नका. किट लेन्स १८ एमएमला, एफ/८, आयएसओ १००, एवढ्यावर नाणेघाटाचा नानाचा अंगठा किंवा हरिश्चंद्रगडचा कोकणकडा महागड्या लेन्सइतकाच स्वच्छ येतो. उजेड भरपूर असला की स्वस्त आणि महाग लेन्समधला फरक आक्रसतो. तिथे पैशांपेक्षा पहाटे लवकर निघणं कामाला येतं.

बैलगाड्यांचं थोडं वेगळं. घाटाच्या कडेला उभं राहून सुटलेली बारी टिपायची तर शटर १/१००० च्या खाली नको. दिवसा उन्हात ते सहज मिळतं, आयएसओ ४०० पुरतो. फोकस मधल्या पॉइंटवर ठेवा, एआय सर्व्हो (हलत्या वस्तूवर सतत फोकस धरणारा मोड) निवडा, बैल लांब असतानाच बटण अर्धं दाबून त्यांच्याबरोबर कॅमेरा वळवत या. नऊ पॉइंटचा कॅमेराही अशा वेळी पुरतो. फक्त तिथे लेन्स बदलू नका. धुळीचा आणि भंडाऱ्याचा एक कण सेन्सरवर बसला की पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात ठिपका दिसतो, आणि भंडारा चिकट असतो, फुंकणीने निघत नाही. घरून निघतानाच एक लेन्स लावून जा.

आता भाच्याचं म्हणणं. तो खोटं बोलत नाहीये. २०२० नंतर कॅनन आणि निकॉन या दोघांनीही नवा डीएसएलआर आणलेला नाही, दोघांचंही सगळं लक्ष मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे. पण तुमच्यासारख्या बजेटला याचा फायदाच होतो. हौशी आणि धंदेवाईक, दोघंही मिररलेसकडे जातायत आणि त्यांचे जपून वापरलेले डीएसएलआर निम्म्या किमतीत बाजारात येतायत. यातली एकही बॉडी नवीन मॉडेल आलं म्हणून फोटो काढायचं थांबत नाही. आणि पुढे तुम्ही कॅननचा मिररलेस घेतलात तर आज घेतलेली ५० एमएम साध्या अडॅप्टरने त्यावर बसते आणि ऑटोफोकसही करते. निकॉनच्या एएफ-एस लेन्सही त्यांच्या अडॅप्टरवर चालतात. ४० हजारांत मिररलेस मिळत नाही असं नाही. जुना सोनी ए६००० मिळेल, कॅननचा एम५० मिळेल. पण सोनीच्या उजळ लेन्स महाग आहेत आणि एम५० ज्या मालिकेतला ती कॅननने बंद केली आहे. बॉडी येईल, आणि दुसऱ्या लेन्ससाठी पुढचे दोन दिवाळी बोनस थांबावं लागेल.

सेकंडहँड म्हटलं की छातीत धडधडतं, ते साहजिक आहे. म्हणून तपासणी कशी करायची ते जरा लांबवून सांगतो. वस्तू हातात घेऊन, दिवसाउजेडी, किमान तासभर बघता आली तरच व्यवहार करा. लांबून पार्सलने मागवू नका. पुणे नाहीतर मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारचा कॅमेरा बाजार, जिथे जाल तिथे सोबत स्वतःचं रिकामं कार्ड, लॅपटॉप आणि एक छोटी टॉर्च न्या.

आधी सेन्सर. लेन्स एफ/२२ ला लावून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून कोपरान् कोपरा बघा. थोडे काळे ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. ठिपके खूप असतील आणि तेलकट गोल दिसत असतील तर भाव पाडा किंवा सोडून द्या. मग लेन्सवर झाकण ठेवून काही सेकंदांचा फोटो काढा, काळ्यावर लाल-निळे चमकणारे ठिपके किती आहेत ते दिसतात. एखाद-दुसरा चालतो.

शटर किती वेळा उडालंय हे बघणं महत्त्वाचं. या वर्गातल्या बॉडीचं शटर साधारण एक लाख फोटोंपर्यंत टिकेल या हिशोबाने बनवलेलं असतं. वीस-पंचवीस हजारांपर्यंतचा कॅमेरा बिनधास्त घ्या. साठ हजारांच्या पुढचा असेल तर किंमत तशी हवी. निकॉनच्या मूळ जेपेग फाइलमध्येच हा आकडा लिहिलेला असतो. कॅननमध्ये तो फाइलमध्ये मिळत नाही, कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो, लॅपटॉप न्या म्हटलं ते यासाठीच. विकणारा वाचू देत नसेल तर निघून या. लग्नात काम केलेली बॉडी बाहेरून पुसून चकचकीत केलेली असते, पण तळाचा रंग, ट्रायपॉड लावतो तो स्क्रू, पट्टा अडकवायच्या कड्या आणि शटर बटणाभोवतीची घासट लपत नाही. हाताच्या पकडीचं रबर सुटून फुगलं असेल तर ती बॉडी घामात आणि उन्हात खूप राबलेली आहे. मी घरगुती वापरातली, मूल झालं तेव्हा हौसेने घेतलेली आणि कपाटात पडून राहिलेली बॉडी शोधायला सांगतो. अशा खूप असतात.

पण कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्याची लेन्स बुरशीची असू शकते. मुंबई, कोकण आणि आपल्याकडचा घाटमाथ्याचा पावसाळी पट्टा, इथे हे हमखास बघायचं. लेन्स बॉडीवरून काढा, निकॉनची असेल तर मागची पट्टी बोटाने सरकवून छिद्र उघडं करा (कॅननच्या लेन्सचं छिद्र काढल्यावर उघडंच असतं) आणि एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती लेन्स फुकट दिली तरी नको. बाकीच्या लेन्सच्या शेजारी ठेवायलाही नको. धुळीचे सुटे कण मात्र फोटोत उमटत नाहीत, त्यांना घाबरू नका.

शेवटी फोकस. तुमची नवीन ५० एमएम आधी घेऊन ठेवली असेल तर ती लावूनच बघा. टेबलावर तीन वस्तू तिरक्या रांगेत ठेवा, दोघांत पाचेक सेंटिमीटर अंतर. एफ/१.८ ला व्ह्यूफाइंडरमधून मधल्या वस्तूवर फोकस करून फोटो काढा, चार-पाचदा पुन्हा फोकस करून काढा. दर वेळी पुढचीच किंवा मागचीच वस्तू स्वच्छ येत असेल तर बॉडी आणि लेन्सचं जुळत नाहीये. मोठ्या बॉडींमध्ये हे मेन्यूतून दुरुस्त करता येतं, २००डी किंवा डी५३०० मध्ये ती सोय नाही, सर्व्हिस सेंटरला द्यावं लागतं. तसा कॅमेरा सोडा, दुसरा मिळेल.

कागद बघा. मूळ बिल, खोक्यावरचा आणि बॉडीच्या तळाचा सीरियल नंबर एकच आहे का. बिल नाही म्हणाला तर त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि साध्या कागदावर सीरियल नंबरसह विक्रीची पावती लिहून घ्या. नवीन ५० एमएम घेताना 'बिलाशिवाय हजार रुपये कमी' असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. ती बहुतेक वेळा बाहेरून आणलेली असते, भारतातली वॉरंटी तिला नसते.

खरेदी झाल्यावर त्याच आठवड्यात डब्याचं काम उरका. रबराची कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलची दोन-तीन पाकिटं आणि जमलं तर आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये हवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या बॅगेत कॅमेरा कायमचा ठेवू नका, जून ते सप्टेंबर तर अजिबात नको, कारण तिचं अस्तर ओल धरून ठेवतं. तांदळात ठेवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, तांदळाची पिठी फटींमध्ये जाते.

कार्ड ३२ जीबीचं एकच पण चांगल्या कंपनीचं, खात्रीच्या दुकानातून. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलमध्ये) काढलेत तरी हजाराच्या आसपास फोटो मावतात. यूव्ही फिल्टर घ्यायची घाई करू नका, स्वस्त काचेमुळे स्टेजवरच्या दिव्यांची भुतं फोटोत उमटतात. समोरच्या काचेचं रक्षण करायला लेन्स हूड पुरतं. हजार रुपयांचा हलका ट्रायपॉड गडावरच्या वाऱ्यात थरथरतो, त्यापेक्षा दगडावर पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवा. पक्ष्यांसाठी पुढच्या वर्षी आठ-दहा हजार जमले की ५५-२५० एसटीएम सेकंडहँड बघा. तोवर पक्षी फोटोत बारीकच येतील.

सुरुवातीचा महिनाभर कॅमेऱ्यातून आलेले फोटो फोनपेक्षा फिके वाटतील. फोन स्वतःच उजेड, रंग, सावल्या सगळं उचलून देतो, कॅमेरा बऱ्याच गोष्टी तुमच्यावर सोडतो. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात रॉ फाइल उघडून उजेड आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) एवढ्या दोनच गोष्टी हलवायला शिका. स्टेजच्या एलईडीने जांभळे पडलेले चेहरे तिथे बऱ्यापैकी सुधारतात.

आणि स्नेहसंमेलनाआधी रंगीत तालीम असेल त्या संध्याकाळी कॅमेरा घेऊन जा. तुमच्याच शाळेतली तालीम, कोणी अडवणार नाही. ५० एमएम लावा, मोड एम (मॅन्युअल), छिद्र एफ/२.२, शटर १/२००, आयएसओ ऑटो आणि त्याची कमाल मर्यादा ३२००. फ्लॅश बंद, त्याने मुलांचे डोळे दिपतात. दोन-तीन जागांवरून काढून बघा, दिवे कुठून पडतायत आणि कोणत्या बाजूने चेहरे उजळ दिसतात ते टिपून ठेवा. चेहरे पांढरे फटक पडत असतील तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) उणे एककडे न्या, काळ्या पडद्यामुळे कॅमेरा फसतो. एम मोडमध्ये तुमच्या बॉडीवर ती सोय चालत नसेल तर ऑटो काढून आयएसओ हाताने खाली आणा. घरी येऊन फोटो मोठ्या पडद्यावर बघितलेत की कार्यक्रमाच्या दिवशी कुठे उभं राहायचं ते ठरेल.